हंगाम सरल्यावरची खिडकी

दाल्मातियाच्या किनाऱ्यावरील आमच्या गावात उन्हाळाभर आई आपली समुद्राकडची खोली पर्यटकांना देते आणि स्वतः तळघरात निजते. पाहुणचार म्हणवणाऱ्या या सभ्य हद्दपारीवर मी सातशे पानांचा ग्रंथ लिहिला आहे. नोव्हेंबरात तिला कायमची झाग्रेबला नेण्यासाठी तिकिटे घेऊन पोचलो, तेव्हा ती खुर्ची उचलून जिना चढत होती. “आई, आणखी किती उन्हाळे तळघरात काढणार? माझ्याकडे चल.” “वर्षभर पाहिला असता, तर समुद्रही तुझ्या बापासारखा झाला असता रे. समोर असून दिसला नसता. तुझं पुस्तक आण खालून. पलंगाच्या आखूड पायाखाली लावलंय.” मी ग्रंथ काढून आणला. खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या; डुगडुगणाऱ्या खुर्चीखाली तिने तो सरकवला. “बस आता. एप्रिलपर्यंत समुद्र आपला.” झाग्रेबची तिकिटे खिशात चुरगाळत मी बसलो. खुर्ची तसूभरही हलली नाही.