आवाजाची खात्री

“संगणकाच्या युगात एकाही कलावंतावर अन्याय होणार नाही!” जव्हारच्या सभागृहात साहेबांनी जाहीर केलं आणि पोशेऱ्याच्या बुधाबाबांच्या तारप्याचं रेकॉर्डिंग लावलं. सकाळपासून खणखणीत वाजणारा लॅपटॉप नेमका तेव्हाच मुका झाला.

म्हाताऱ्या कलावंतांच्या मानधनासाठी निवडीचा तो शेवटचा दिवस. क्लार्कने आवाज वाढवून पाहिला, मशीन बंद करून चालू केलं, स्पीकरच्या जाळीवर फुंकरही मारली.

“ऐकल्याशिवाय पास कसं करू, बाबा?” साहेब हळहळले.

न राहवून बुधाबाबांनी मांडीवरचा तारपा उचलला आणि गाल फुगवून असा वाजवला, की रस्त्यावरची माणसं दारात जमली.

साहेबांनी हात जोडले.

“बाबा, पाच मिनिटं गप्प बसा हो. लॅपटॉपचा आवाज येतोय का, ते ऐकू द्या.”