खडपाची खूण

परशुरामने जाळी वाळूत आपटली. जाळ्याचा एक आस, एक डोळा म्हणून शाबूत नव्हता. बाहेरच्या ट्रॉलरांनी आज पुन्हा खडपाला वेढा घातला होता आणि रात्री टाकलेल्या जाळ्यांच्या चिंध्या करून ठेवल्या होत्या.

ते खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. डोळ्यांना दिसत नाही. दर्यातून बघताना देवळाचा कळस आणि डोंगरावरचा वड एका रेषेत आले, की खाली तांबोशी आणि गोबरे, अशी भारी मासळी. ही खूण बापाने मुलाला द्यायची, नाहीतर होडीवरच्या जोडीदाराला. घरच्या बाईलासुद्धा नाही. परशुरामला मुलगा नव्हता.

"दोघांकाच ठावक होता. माका नि तुका," तो जोडीदार गुणाजीला म्हणाला. "मगे ते थंय इले कशे?"

गुणाजी हातातल्या वल्ह्याची वाळू पुसू लागला. दोघांचा सगळा जन्म या एका होडीत गेला होता.

"नाळेर हात ठेव नि सांग, मी कोणाक सांगूक नाय."

होडीच्या नाळेला, त्या पुढच्या टोकाला, हात लावून खोटं बोलणारा दर्यातून परत येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. गुणाजीचा हात उठला आणि मध्येच थांबला.

चिंध्या गोळा करणारी योगिनी सगळं ऐकत होती. परशुरामची ही पदवीधर लेक नुकतीच ओरोसला जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं, दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. प्रत्येकाने आपल्या गावचा नकाशा करायचा होता. जागेचे आकडे टिपणारं सरांचं यंत्र तिने गुपचूप गुणाजीकाकाच्या हाती दिलं होतं. खडपावर पोचलास की बटण दाब, एवढंच सांगितलं होतं.

"तुज्या परीक्षेचा ना गो? मगे दाबतंय," तो हसला होता.

नकाशा पहिला आला. शेवटच्या दिवशी हॉलच्या भिंतीवर लागला. खडपाचा ठिपका, शेजारी आकडे, खाली तिचं नाव. पाहुण्यांतला एक गृहस्थ ते आकडे सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेत होता. आपला नकाशा कुणीतरी इतका निरखून बघतंय, म्हणून ही खुळी मनातल्या मनात फुलली होती.

"ठेव हात!" परशुराम ओरडला.

"माज्याच हातान झाला," गुणाजी म्हणाला. त्याने योगिनीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माज्या होडीक परत हात लाव नको."

गुणाजीने वल्हं होडीत नीट ठेवलं आणि तो निघाला. या वयात त्याला दुसऱ्या होडीवर कोण घेणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"बाबा, तो नकाशो..."

"गप ऱ्हव. तुका दर्यातला काय कळता?"

तिने चिंध्या पुन्हा गोळा करायला घेतल्या. खरं कळलं तर बाबा मोडेल, असं ती स्वतःला बजावत होती. खरं म्हणजे ती भ्याली होती. तिचं सर्टिफिकेट बाबाने घरात देवाशेजारी लावलं होतं.

"भरती इली. होडी वर ओढूक होयी," परशुराम मागच्या बाजूला जात म्हणाला. "त्येच्या जाग्यार उभी ऱ्हव. हात लाय."

गुणाजी माडांपर्यंत पोचला होता. योगिनी त्याच्या जागेवर उभी राहिली आणि तिने नाळेवर हात ठेवला. तिला कुणीच शपथ घ्यायला सांगितलं नाही.