भवानीबाईंचा मास्क

"मास्क बदलला असणार," बालाजीराव म्हणाले. "तो हिचा नव्हे. माझा."

डॉक्टर संयुक्ताने समोरच्या कागदावरची नावं पुन्हा ताडून पाहिली. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या या लहानशा केंद्रात माणसं दहा मिनिटं मास्कमध्ये श्वास सोडत आणि ते मास्क शिकवलेली कुत्री हुंगत. कॅन्सरची गाठ अगदी बारीक असली तरी श्वासाला येणारा वास त्यांना कळे. गेल्या आठवड्यात नवराबायको दोघांनीही मास्क दिले होते. मणी नावाची कुत्री बालाजीरावांच्या मास्कवरून सरळ पुढे गेली होती. थांबली ती भवानीबाईंच्या मास्कपाशी.

"तीस वर्षं एन्नोरच्या वीजकेंद्रात होतों मी. धूर खाल्ला, वर सिगरेटी ओढल्या. हिनं काय केलं? सांबार!"

"अहो, हळू बोला," भवानीबाई म्हणाल्या. मग संयुक्ताकडे वळून हसल्या. "मी मास्क द्यायला आलेंच नव्हतें. हे अडून बसले. आधी तू लाव, मग मी. लहान मुलाला औषध पाजताना आई चाखून दाखवते, तसा मी लावला."

बालाजीरावांनी मान खाली घातली.

संयुक्ता मूळची सांगलीची; ही दोघं पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेली मराठी माणसं. चेन्नईत आल्यापासून रुग्णाशी मराठीत बोलायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि बोलायचं ते हे.

"काका, नुसता कुत्रीवर भरवसा नाही ठेवत आम्ही. तिच्या पट्ट्यात सेन्सर आहे, वर कॅमेरे आहेत. तिचे ठोके, ती कुठे रेंगाळली, सगळं संगणक वाचतो. ती दमली असेल, नुसती खाऊसाठी थांबली असेल, तर तेही त्याला कळतं. यावेळी कुत्रीचं आणि संगणकाचं एकच म्हणणं आहे. म्हणजे आजार आहेच असं नाही. स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. पण असलाच, तर अगदी सुरुवातीला सापडलाय. काढून टाकता येईल."

"पुन्हा हुंगवा," बालाजीराव म्हणाले. "माझ्यासमोर."

नवे मास्क आले. बायकोच्या मास्कची नाडी त्यांनी स्वतः बांधली. वेणीतली मोगऱ्याची फुलं अडकू नयेत म्हणून दोनदा सोडून पुन्हा बांधली. मग दोघं शेजारी शेजारी बसली. इतका वेळ न बोलता बसायची त्यांना सवय नव्हती. भवानीबाई डोळ्यांनीच काहीबाही सांगत राहिल्या आणि बालाजीराव मान डोलवत राहिले.

थोड्या वेळाने तिघं काचेपाशी उभी राहिली. पलीकडच्या खोलीत स्टँडवर मास्क ओळीने लावले होते; या दोघांचे आणि इतर काही जणांचे. एका तरुणाने मणीला आत आणलं. तपकिरी कानांची, ठेंगणी बीगल कुत्री. शेपटी हलवत ती ओळीने निघाली. बालाजीरावांचा मास्क तिने हुंगला आणि पुढे गेली.

"थांब," ते पुटपुटले. "नीट बघ ना."

मणी आणखी दोन मास्क ओलांडून गेली. पुढच्या, भवानीबाईंच्या मास्कपाशी तिने नाक टेकवलं, मागे सरली, पुन्हा टेकवलं. आणि खाली बसली. काचेशेजारच्या पडद्यावर तिच्या ठोक्यांची रेघ वर चढली.

भवानीबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "सरि, बरं," त्या म्हणाल्या. "स्कॅन करूं."

पुढे स्कॅनमध्ये फुप्फुसात वाटाण्याहून लहान गाठ दिसली आणि ती वेळेत निघालीही. पण ते सगळं नंतरचं. त्या घटकेला बालाजीराव काचेतून नुसते बघत होते. मणी जागची हलली नव्हती. मान वर करून ती कधी त्या तरुणाकडे, कधी काचेकडे पाहत होती.

"ती उठत कां नाही?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी शाबासकी देईपर्यंत ती बसून राहते," संयुक्ता म्हणाली. "आणि आतल्या मुलाला मुद्दाम सांगितलेलं नसतं, कुठला मास्क कुणाचा. बरोबर की चूक, त्याला ठाऊक नाही. म्हणून तोही गप्प आहे."

बालाजीराव गुडघ्यावर हात टेकत हळूहळू खाली बसले. मणीच्या डोळ्यांसमोर डोळे आले तेव्हा त्यांनी काचेवर तळहात ठेवला.

"कळलं गे, पोरी," ते म्हणाले. "कळलं आम्हांला. ऊठ आतां."