चार खोल्या, दोन स्पीकर

“स्वयंपाकघरात एक, हॉलमध्ये एक... मग गॅलरीचं काय?” काउंटरवरचे स्पीकर इकडून तिकडे सरकवत मोरेश्वरराव पुटपुटले. खोल्या चार आणि ऐपत दोन स्पीकरांची. कोणती खोली वगळावी, तेच त्यांना कळेना.

“काका, सगळ्या घरात एकच गाणं वाजेल,” दुकानातली मुलगी म्हणाली. “काय ऐकता तुम्ही?”

“गाणी नाही गं, बायकोची हाक. आजारपणानंतर तिचा आवाज फार बारीक झालाय. मी दुसऱ्या खोलीत असलो, की ऐकूच येत नाही.”

“मग घंटा द्या ना काकूंना.”

“दिली होती. म्हणाली, मी काय शाळेतली शिपाई आहे?”

मुलगी हसली. तान्ह्या बाळाचं रडणं ऐकण्यासाठी असते, ती छोट्या यंत्रांची जोडी तिने पुढे केली. “एक काकूंच्या उशाशी, दुसरं तुमच्या खिशात. खोल्यांमधून तुम्हीच फिरता ना?”

संध्याकाळी गॅलरीत झाडांना पाणी घालताना खिशातून बारीक आवाज आला, “अहो, नळ बंद करा! किती वेळ वाहतोय!”

तिने पुन्हा रागवावं, म्हणून मोरेश्वररावांनी नळ आणखी क्षणभर तसाच चालू ठेवला.