टाकळ्याचा रस

सकाळी अकराला प्रयोगशाळेच्या फळ्यावर आकडा लागला: कुंदाने रानातून खुडलेल्या टाकळ्याच्या पानांतून मालनताईंच्या लसूणघासापेक्षा जास्त प्रथिनं निघाली होती.

"चौदा वर्षं तुम्ही घास पेरलात, आणि जिंकलं उकिरड्यावरचं तण," सर हसले. "आज पुन्हा करून बघा. तेवढीच निघाली, तर उद्यापासून टाकळाच."

मालनताईही हसल्या. कुंदाला रस गाळायचं फडकं धरायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

दुपारी कुंदाने पानं कुटली, रस पिळला, पातेलं शेगडीवर ठेवलं. "ताई, सर बोलावतायत. रस लगेच उकळाल ना? तसाच राहिला तर प्रथिनं नासतात."

"मलाच शिकव आता. जा तू."

ती गेल्याला चाळीस मिनिटं झाली. रस अजून गार आहे आणि काड्यापेटी मालनताईंच्या मुठीत.