दहापैकी आठ

तिसऱ्या डावातही इसोबेची होडी काठाला लागता लागता थांबली आणि नोनोमुराची होडी शेजारून पुढे गेली.

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते. दोघांच्या हातात एकेक छोटं गेमचं यंत्र आणि मधून दोन्ही यंत्रांना जोडणारी काळी केबल. इसोबे एका गेमविषयक साप्ताहिकात नव्या गेमची समीक्षा लिहायचा आणि नोनोमुरा त्या पानाची संपादक होती. जे स्वतः खेळलो नाही त्यावर लिहायचं नाही, हा कचेरीचा नियम. हा नावाड्यांचा गेम अर्धा एकट्याचा, अर्धा दोघांचा होता. म्हणून पानं छापखान्यात जायला दोन तास उरले असताना संपादकबाईंना वल्ही मारायला बसावं लागलं होतं.

“मास्तर, तुम्ही हातचं राखून खेळताय,” ती म्हणाली.

इसोबेनं नाही म्हटलं आणि चौथा डाव लावला. चौथ्यातही काठ हातभर राहिला असताना त्याचा अंगठा आपोआप बटणावरून उठला. या वेळी ते त्याचं त्यालाच दिसलं. बारा वर्षं गेम तपासून पोट भरणारा माणूस, आणि स्वतःच्या अंगठ्याची खोड आज कळली.

“सवय आहे,” तो म्हणाला. “कायोबरोबर असंच खेळायचो. पहिलीत होती ती. तिला कळायचं नाही.”

कायो त्याची मुलगी. पाच वर्षांपूर्वी नवरा-बायको वेगळे झाले आणि आई तिला घेऊन कुमामोतोला माहेरी गेली. मूल ज्या घरी गेलं त्या घरचं झालं, दुसऱ्यानं दार वाजवायचं नाही, ही रीत. इसोबेनं ती पाळली. ना फोन, ना पत्र. पण पत्र नाही असं तरी कसं म्हणावं? साप्ताहिकात तो ‘गोगलगाय’ या नावानं लिहायचा आणि गोगलगाय म्हणजे बाबा, हे कायोला ठाऊक होतं. दर आठवड्याला चार समीक्षक दहापैकी गुण देत आणि खाली सहा ओळींत आपलं म्हणणं मांडत. गोगलगायीच्या मजकुरात त्या सहांतली शेवटची ओळ ठरलेली असे. दुसरीतल्या मुलीला जमेल. तिसरीतल्या मुलीला डोंगराचा टप्पा जड जाईल. चौथीतल्या मुलीनं हा भुतांचा गेम एकटीनं खेळू नये. दर एप्रिलला नवं शालेय वर्ष सुरू झालं की ही मुलगी एक इयत्ता पुढं जायची. वाचकांच्या ते ध्यानात आलं नाही. नोनोमुराच्या आलं होतं, पण तिनं कधी विषय काढला नव्हता.

आज काढावा लागणार होता. या अंकापासून फोटो मोठे आणि मजकूर लहान, असा वरून हुकूम आला होता. प्रत्येकाला मोजून पाच ओळी, एकही जास्त नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं सरळ सांगून टाकलं की पाचांत इयत्तेची ओळ बसायची नाही, आणि वरच्यांना ती तशीही खटकते. गेम सगळ्यांसाठी असतो, एका मुलीसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं.

इसोबेनं केबल काढून नीट गुंडाळली. तो वाद घालेल असं तिला वाटलं होतं. घातला असता तर बरं झालं असतं.

“तशीही ती ओळ या वेळी सुचत नाहीये,” तो म्हणाला. “पहिलीतली मुलगी मला माहीत होती. तिच्यावरून दुसरीतली, तिसरीतली अंदाजानं लिहिली. यंदा ती सहावीत गेली. सहावीतली मुलगी काय खेळते, नोनोमुराबाई, मला खरंच माहीत नाही. खेळते का, तेही नाही.”

नोनोमुरानं थोडा विचार केला. “सहावीत मी वडिलांशी धड बोलतसुद्धा नव्हते,” ती म्हणाली. “पण ते मुद्दाम हरले असते, तर पहिल्या डावात पकडलं असतं.”

तो हसला. मग त्याला मुलीची इतकी आठवण आली की चष्मा काढून उगाच पुसत बसावं लागलं. आठवत होती ती सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती मुलगी आता कुमामोतोतही नव्हती, कुठंच नव्हती. आणि जी होती तिची आठवण कशी काढायची, ते त्याला कळत नव्हतं.

नोनोमुरा जवाचा चहा घेऊन येईपर्यंत त्यानं लिहून ठेवलं होतं. दहापैकी आठ. खाली ओळी मात्र सहा. वल्ह्याचा ताल बोटांत बसतो, पाणी झकास काढलंय, संगीत कंटाळवाणं, एकट्याचा प्रवास तिसऱ्या गावाशी रेंगाळतो, इथवर चार झाल्या. पाचवी: एकट्याला सहा, समोर दुसरं कुणी असेल तर दोन जास्तीचे, म्हणून आठ. सहावी: सहावीतल्या मुलीला आवडेल का, मला सांगता येत नाही, तिनंच अंकातल्या वाचकांच्या अभिप्राय-कार्डावर लिहून कळवावं.

“एक ओळ जास्त झालीये,” ती म्हणाली.

“कुठली काढायची ते तुम्ही ठरवा. संपादक तुम्ही.”

तिनं लाल पेन्सिल सहाव्या ओळीवर टेकवली. खाली छापखान्याची गाडी येऊन उभी होती. वरच्यांना काय सांगायचं ते नंतर बघू, असं मनाशी म्हणत तिनं पेन्सिल उचलली आणि पाचवी ओळ खोडली.

शुक्रवारी अंक दुकानांत आला. गोगलगायीनं आठ गुण का दिले, ते त्यात कुठंच छापलेलं नव्हतं.