पोटरीवरचा पट्टा

न्यूमोनियाचा ताप उतरून नऊ दिवस झाले होते. एकट्या राहणाऱ्या गोदूबाईंच्या पोटरीवर दवाखान्याने बांधलेला पट्टा तिसऱ्यांदा बोलला, "रक्त गोठू लागलंय. उठा, चाला." त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. चौथ्यांदाही ऐकलं नाही, तर पट्टा नर्सला बोलावतो, हे त्यांना ठाऊक होतं.

नर्स रेश्मा धापा टाकत आली. "आजी, गुठळी फुफ्फुसात गेली तर जीव जाईल! घरातल्या घरात चार फेऱ्या मारायला काय होतं?"

"आधी चहा घे. पाहुण्याला तसंच पाठवत नाही मी," म्हणत गोदूबाई उठल्या. आल्यासाठी परसात गेल्या, दुधासाठी पुन्हा आत आल्या.

"धोका टळला," पट्टा म्हणाला.

"चला, निघते मी. चहा पुढच्या वेळी," रेश्माने पिशवी उचलली.

गोदूबाईंनी गॅस बंद केला आणि त्या पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या.